शपथविधीचा बर्फ

अल्मायरा स्टोव्हरने ठोकळ्यावर फुंकर मारून लाकडाची तुसं उडवली आणि आभाळाची शेवटची रेघ ओढायला घेतली. कोरणीची मूठ तळहातात नीट बसवून तिने श्वास धरला. रेघ संपेपर्यंत ती श्वास सोडत नसे. शेजारच्या टेबलावरच्या फर्गस डूलीचं म्हणणं होतं, की एखाद्या दिवशी लांबलचक रेघेत ही बाई गुदमरून मरेल आणि आपल्या सगळ्यांना दंडाला काळ्या फिती बांधून फिरावं लागेल.

रेघ संपली. तिने श्वास सोडला आणि डोळ्याचं भिंग काढून ठेवलं.

"आहात का अजून, बाईसाहेब?" डूलीने मान वर न करता विचारलं.

"आहे. तुमच्या टोप्या झाल्या का?"

"चारशे अकरा झाल्या. आता कुणी पागोटं घातलेला माणूस काढला तर त्याच्या पायावर डोकं ठेवीन."

चित्र नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीचं होतं. शपथविधी आज दुपारी बाराला वॉशिंग्टनमध्ये व्हायचा होता, आणि न्यूयॉर्कमधल्या या पाचव्या मजल्यावर तो काल संध्याकाळीच जवळजवळ होऊन गेला होता. सचित्र साप्ताहिकाचा कारभार असाच चालतो. घडल्यावर कोरायला बसलं, तर चित्र वाचकाच्या हाती पडेपर्यंत राष्ट्राध्यक्ष शिळे व्हायचे. त्यामुळे चित्रकार पंधरा दिवस आधीच जाऊन कॅपिटॉलच्या पायऱ्या काढून आला होता, कोण कुठे उभं राहणार ते विचारून आला होता. गर्दी, झेंडे आणि निरभ्र आभाळ त्याने पदरचं घातलं होतं.

या कामाला लागतं ते पिवळं, हाडासारखं कठीण लाकूड बारक्या झाडाचं. त्याची मोठी फळी निघतच नाही. म्हणून छोटे छोटे वीस तुकडे मागून स्क्रूने जोडायचे, त्यावर अख्खं चित्र काढायचं, की पुन्हा तुकडे सोडवून ज्याला त्याला वाटायचे. कुणाच्या वाट्याला टोप्या, कुणाच्या वाट्याला झेंडे. सगळ्यांचं कोरून झालं की तुकडे परत जोडायचे आणि सांध्यांवरून मजल्याच्या प्रमुखांनी, आरेन्समास्तरांनी, आपला हात फिरवायचा. बाहेर गेलेल्या चित्राखाली नाव एकट्या मास्तरांचं. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. निदान मोठ्याने तरी नव्हती.

मानपान मात्र ठरलेला होता. आभाळ, पडदे, गालिचे सगळ्यांत खाली. त्यावर कपडे, मग घोडे आणि गर्दी. सगळ्यांत वर चेहरा. चेहरे कोरायचे ते एकट्या एबन प्रॅट यांनी. वय अडुसष्ट, अख्खा मजला त्यांना एबनकाका म्हणे. त्यांच्या हातून निघालेले हे सहावे राष्ट्राध्यक्ष, आणि शेवटचे. शनिवारी त्यांना निरोपाचं जेवण होतं आणि रविवारी ते नायक गावी लेकीकडे राहायला जाणार होते. उत्तरेच्या खिडकीशी असलेली त्यांची खुर्ची मग रिकामी होणार होती.

अल्मायराचा त्या खुर्चीवर नऊ वर्षं डोळा होता. नऊ वर्षं तिने आभाळं कोरली होती. लढाईवरची, जळत्या गोदामांवरची, राष्ट्राध्यक्षांच्या बागेतल्या मेजवान्यांवरची. चेहरा तिला कधीच मिळाला नव्हता. त्या मजल्यावर कुठल्याच बाईला मिळाला नव्हता. पण हे काम सुरू होताना मास्तरांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "वरची अख्खी ओळ तुमची. पाच तुकड्यांचं आभाळ एका दमात ओढल्यासारखं दिसलं, तर खुर्चीचं बघू. नाहीतर डूली आहेच."

आणि ते आभाळ आज तसं झालं होतं. तिला स्वतःलाच ते पाहून बरं वाटत होतं, आणि असं तिला फार वेळा वाटत नसे.

तुकडे जोडून झाल्यावर, सव्वादहाला, मास्तर काचेच्या खोलीतून तार घेऊन बाहेर आले. त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"वॉशिंग्टनला पहाटेपासून बर्फ पडतोय," त्यांनी वाचून दाखवलं. "जोराचा. वाराही आहे. संपादकांचा हुकूम आहे, बर्फ घाला."

डूली म्हणाला, "चला, टोप्यांवर बर्फ म्हणजे टोप्या कमी दिसणार. सांगायला हवं होतं ना आधी."

लाकडावर कोरलं ते पांढरं उमटतं आणि ठेवलं ते काळं. त्यामुळे बर्फ घालणं सोपं. कोरणीचं टोक टोचत गेलं की झालं. पण टोचलेलं काही केल्या परत भरून येत नाही. पाच तुकड्यांवरच्या त्या हजारो सरळ रेघा, एकीला दुसरीहून जाड न होऊ देता ओढलेल्या, त्यांवर आता तिने स्वतःच्या हाताने भोकं पाडायची होती.

"बर्फ एका हाताचा हवा," मास्तर तिला म्हणाले. "आभाळ तुमचं, तर बर्फही तुम्हीच घाला. वरपासून खालपर्यंत, सगळ्या तुकड्यांवर. दोन वाजता ठोकळ्यावरून छपाईचे धातूचे ठसे ओतणारे येतील."

"मास्तर, आधी एक छाप काढू का? आभाळाची?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. कशाला हवी, ते त्यांना कळलं होतं.

"एकच," ते म्हणाले. "दुसरी काढायला वेळ नाही. आणि अख्खी काढा. कापलेली छाप मी हातात घेत नाही, माहीत आहे ना?"

माहीत होतं. कापली म्हणजे काहीतरी लपवलं, असं त्यांचं साधं मत होतं.

तिने वीस तुकड्यांचा जोडलेला ठोकळा टोकाच्या टेबलावर नेला, शाईचा गोळा हलक्या हाताने फिरवला, पातळ जपानी कागद पसरला आणि हस्तिदंती चमच्याने पाठीवरून घासत गेली. कागद एका कोपऱ्यापासून सोलत तिने वर उचलला. आभाळ सुरेख आलं होतं. सांधे कुठे आहेत ते तिला स्वतःलाही शोधावे लागले. मिनिटभर ती नुसती बघत राहिली, आणि तिला त्या मिनिटात खिडकीशी बसल्यासारखं वाटलं. मग तिची नजर खाली घुमटावरून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून राष्ट्राध्यक्षांवर आली.

ओठाच्या कोपऱ्यातून गालात एक पांढरी चीर गेली होती. जेमतेम तिळाएवढी. पण चेहराच मुळी बोराएवढा, त्यात तीळ म्हणजे पुष्कळ झाला. हात वर करून देवाची शपथ घेणारे राष्ट्राध्यक्ष पत्त्यांत फसवून जिंकल्यासारखे हसत होते.

सांधे जुळल्यावर, सकाळी, काकांनी ओठ थोडा मऊ करतो म्हणून ठोकळा पुन्हा मागून घेतला होता. तेव्हाच कोरणी निसटली असणार. त्यांना ते दिसलं नव्हतं. गेल्या वर्षभरात त्यांना न दिसलेल्या गोष्टी पुष्कळ होत्या, आणि ज्याने त्याने त्या गुपचूप सांभाळून घेतल्या होत्या. पण चेहऱ्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही, हा तिथला शिरस्ता होता, त्यामुळे चेहरा तेवढा कुणाला सांभाळता येत नव्हता. लाकडात भोक पाडून, नवी खुंटी ठोकून ओठ परत कोरता आला असता. त्याला अर्धा दिवस लागतो.

तिने वळून पाहिलं. काका खिडकीशी बसून आपल्या कोरण्या चिंधीने पुसत होते. शनिवारच्या जेवणात त्यांना हेच चित्र चौकटीत घालून देणार होते. ते लेकीच्या घरात भिंतीवर लागणार होतं.

ही छाप मास्तरांच्या हातात गेली तर आभाळाआधी ओठ दिसेल. मास्तर दुष्ट नव्हते, पण चुकीच्या बाबतीत ते आपल्या सख्ख्या भावालाही सोडत नसत, आणि खरंच सोडलं नव्हतं. अख्ख्या मजल्यासमोर विचारतील. काकांची चाळीस वर्षं एकीकडे आणि तो तीळ एकीकडे.

अल्मायराने छापेची घडी घातली, आपल्या टेबलापाशी आली आणि ठोकळा ठेवायच्या वाळूच्या चामडी उशीखाली ती सरकवून दिली. फार विचार केला असं नाही. विचार केला असता तर कदाचित झालं नसतं.

मग ती बर्फ पाडायला बसली. आभाळात पहिली टोच मारताना हात जड झाला, दहावीला सवय झाली. शंभराव्या टोचेला तर तिला मजाच वाटू लागली, कारण नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिला सरळ रेघ ओढायची नव्हती. वारा होता म्हणून कण तिरपे घेतले. घुमटावर टाकले, झेंड्यांवर टाकले, डूलीच्या टोप्यांवर मुक्तहस्ते टाकले. बाराच्या सुमारास ती पायऱ्यांपर्यंत पोचली तेव्हा एबनकाका मागे येऊन उभे राहिले.

"तोंड सोडून दे, पोरी."

"सगळ्यांच्या अंगावर बर्फ आणि राष्ट्राध्यक्ष तेवढे कोरडे? त्यांच्या डोक्यावर छत्रीसुद्धा नाही, काका."

"न का असेना. माझ्या तोंडाला आजवर कुणी हात लावला नाही."

"एकच कण. मिशीच्या टोकाशी, ओठाच्या कोपऱ्यात."

"तिथेच कशाला? टोपीवर टाक. खांद्यावर टाक."

कोरणी हातात धरून ती ठोकळ्याकडे बघत बसली. काकाही बघत होते. पण ते नक्की काय बघत होते कोण जाणे.

"शपथ घेताना माणूस मिशी झटकत नाही," ती शेवटी म्हणाली. "म्हणून तिथे."

"आमच्या वडिलांच्या मिशीवर थांबायचा बर्फ," काका म्हणाले. "गाई बघून घरात आले की आई आधी मिशी पुसायची." मग त्यांनी पाठ फिरवली. "कर. मी बघत नाही."

तिने श्वास धरला. चिरेच्या दोन्ही कडा तिने किंचित गोल केल्या, मिशीच्या टोकाशी टेकवल्या, बाजूला आणखी एक बारीक कण टाकला. कुत्सित हसणं गेलं. राष्ट्राध्यक्ष गंभीर झाले, आणि जरा गारठलेही. नऊ वर्षांत तिची कोरणी चेहऱ्याला लागली ती ही अशी.

काका वळले आणि सवयीने त्यांनी अंगठा कोरलेल्या चेहऱ्यावरून फिरवला. अंगठा ओठाच्या कोपऱ्यात थांबला. पुन्हा एकदा फिरला. ते खिडकीशी जाऊन बसले.

एक वाजता मास्तरांनी नवी छाप काढली. भिंगातून ती बराच वेळ पाहिली. मिशीपाशी जरा थबकले, मान हलवली.

"बर्फ चांगला पडलाय," ते म्हणाले. "आता ती आधीची छाप द्या."

"शाई फासली गेली, मास्तर. मी फेकून दिली."

डूलीने मान वर केली. नऊ वर्षांत अल्मायराच्या हातून शाई कधी फासली गेली नव्हती.

"मग आभाळ मी कशावरून बघायचं? या बर्फात कुणाचंही आभाळ चांगलंच दिसणार."

"खरं आहे."

मास्तर थोडं थांबले. तिने आणखी काही बोलावं अशी त्यांची इच्छा असावी. ती शाईचा गोळा पुसत राहिली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "सोमवारपासून डूली खिडकीशी बसेल."

अल्मायराला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, बरंच वाईट वाटलं. पण त्या वाईटाला टोचणी नव्हती. तिने टेबल आवरलं, तुसं गोळा केली आणि शाईचे हात धुवायला ती जिन्याकडे निघाली. तेवढ्यात तारवाला पोचला, आणि मास्तरांनी दारातच तार फोडली.

"बर्फ अकराला थांबला," त्यांनी एकेक शब्द सावकाश वाचला. "शपथेच्या वेळी लख्ख ऊन."

पहिल्यांदा डूली हसला. मग झेंडेवाला, मग सगळा मजला. मास्तरही हसले, पण तार खिशात घालण्याच्या निमित्ताने खाली मान घालून.

"काढता येईल का, विचारतायत संपादक."

"सांगा, उन्हात ठेवलाय. वितळला की पाठवतो," डूली म्हणाला.

ठोकळा पावणेदोनला बर्फासकट गेला. पुढे आठवड्याभरात साप्ताहिकाकडे पत्रं आली ती आपण तिथे होतो आणि बर्फ अगदी असाच पडत होता असं सांगणारी. एका सद्गृहस्थांनी तर राष्ट्राध्यक्षांच्या मिशीवरचा बर्फ आपण स्वतः पाहिल्याचं लिहिलं. पण ते पुढे.

अल्मायरा जिन्याच्या पायरीवर बसून पाव आणि थंड डुकराचं मांस खात होती, तेव्हा डूली वरच्या पायरीवर येऊन टेकला.

"खुर्ची मी मागितली नव्हती हो."

"माहीत आहे मला."

"खिडकीशी वारा येतो. माझी मान धरते." तो जरा घुटमळला. "आणि शाई फासली हे काही मला पटलेलं नाही. दुसरं काहीतरी खोटं सांगायचंत. हात कापला सांगायचंत."

"पुढच्या वेळी तुम्हाला विचारून खोटं बोलेन."

"विचारत जा. आमच्या घरात सगळ्यांना येतं."

ती परत आली तेव्हा तिच्या टेबलावरची उशी तिरकी झाली होती. तिने उचलून पाहिलं. खाली काही नव्हतं. काचेच्या खोलीत मास्तर खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्यासमोर एबनकाका उभे होते. मास्तरांच्या हातात घडी उलगडलेला पातळ कागद होता. काका बोट ठेवून काहीतरी दाखवत होते. बोट आधी वर होतं. मग त्यांनी ते स्वतःच खाली आणलं, चित्राच्या मध्यावर, आणि तिथे ठेवलं.

आवाज येत नव्हता. मास्तर कागदाकडे बघत राहिले, मग काकांकडे. मग उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने काकांना खुर्ची दिली. अल्मायरा तिथे काम करायला लागल्यापासून मास्तरांनी कुणाला बसायला सांगितल्याचं तिने पाहिलं नव्हतं.

"मिस स्टोव्हर," त्यांनी दार उघडून हाक मारली. "आत या."

ती आत गेली. काका खिडकीबाहेर बघत होते.

"ही ती शाई फासलेली छाप," मास्तर म्हणाले.

"हो."

"खोटं बोललात."

"बोलले."

मास्तरांनी टेबलाच्या खणातून मोठी कात्री काढली. कागद उजेडाकडे धरला, आणि घुमटाच्या टोकाखालून सावकाश, एका सरळ रेषेत कापत गेले. खालचा भाग त्यांनी चुरगळून शेगडीत टाकला. वरची पट्टी हातात राहिली. नुसतं आभाळ, आणि मध्ये घुमटाचं टोक.

"हे बाहेर भिंतीला लावा. नव्या माणसांना दाखवायला बरं पडेल."

"पण मास्तर, कापलेली छाप तुम्ही..."

"घेत नाही. मी देतोय," मास्तर म्हणाले आणि कात्री खणात ठेवली. "सोमवारी खिडकीशी बसा. डूलीला मी सांगतो. मघाशीच तो मानेबद्दल काहीतरी कुरकुरत होता."

दोघं बाहेर आली. अल्मायराचे पाय जमिनीवर नीट पडत नव्हते, आणि एबनकाकांनाही समोरचं धड दिसत नव्हतं, त्यामुळे टेबलांमधून जाताना कोण कुणाला धरून चाललं होतं ते सांगणं अवघड होतं. खिडकीपाशी पोचल्यावर काका आपल्या खुर्चीवर बसले नाहीत. पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

"का केलंत, काका?"

"तू का केलंस?"

तिने खिडकीच्या कट्ट्यावरची तुसं बोटाने गोळा केली.

"मला अंगठ्याने कळलं," ते म्हणाले. "डोळे फसवतात, अंगठा नाही फसवत. तुझ्या हातून शाई फासली हे पटेना, म्हणून तुझी उशी चाचपली. मग म्हटलं, एवढं आभाळ आणि ते उशीखाली. काय वाटेल ते झालं तरी हे बरं नाही."

"मास्तर रागावले का?"

"नाही ना. त्याचंच जास्त वाईट वाटलं." ते हसले. "शनिवारी ते चित्र देतील मला. लेक भिंतीवर लावेल आणि येईल त्याला सांगेल, हे आमच्या बाबांनी केलेलं तोंड. मी म्हणणार, तोंड माझं. मिशीच्या टोकाचा तो कण मात्र दुसऱ्याचा."

"तो नका सांगू, काका. तेवढ्याशा कणाचं काय सांगायचं?"

काकांनी नवी छाप खिडकीच्या उजेडात धरली, डोळ्यांजवळ आणली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली.

"सांगायला हवं, पोरी," ते म्हणाले. "मला आता या सगळ्या चित्रात तेवढाच दिसतो."